संयोगिताबाईंची पाच पिल्लं

संयोगिताबाई जगताप अंड्याला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुतात. टॉर्च आधी स्वतःच्या तळहातावर लावून बघतात. पिल्लाला उचलताना ‘अंग सैल सोड’ म्हणतात. खुराड्याचं दार आवाज न करता ओढून घेतात, आत कुणाची तपासणी चालू असल्यासारखं. आणि कुणी ‘कोंबडा की कोंबडी?’ विचारलं, की भिंतीकडे बघतात.

या सवयी शलाकाने समोरच्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, ओट्यावरून टिपल्या. एम.ए. मराठी झालं होतं, नोकरी लागायची होती, वेळ भरपूर होता. एकदा ती ढोकळ्याचा डबा परत द्यायला गेली. संयोगितामावशींनी डब्याकडे बघितलंही नाही, तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि दिवा बंद केला. मग एका अंड्याखाली टॉर्च धरला.

आत तांबड्या शिरांचं जाळं होतं. मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलत होता.

“सात दिवसांचं आहे,” मावशी म्हणाल्या. “ठोका बघ.”

 घरी आल्यावर शलाकाला आईने विचारलं, डबा दिलास का? तो तिच्या हातातच होता.

मावशी सत्तावीस वर्षं मांडवीजवळच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मदतनीस होत्या. नाव पुकारायचं, पोटाला जेल लावायचं, झालं की पुसायचं. इथे गर्भलिंगनिदान होत नाही, ही पाटी कायम डोक्यावर. मशीनचा पडदा वाचायला त्या केव्हाच शिकल्या होत्या. बायकांना ते ठाऊक होतं. डॉक्टर काही बोलत नसत, म्हणून त्या मावशींचा चेहरा न्याहाळत. सासवा दारात गाठत. कुणी साडी पुढे करी, एकीने तर हातातली बांगडी काढली. मावशी भिंतीकडे बघून म्हणत, आम्ही सांगत नाही.

अंडी आणली होती अंकलेश्वरकडच्या एका खेड्यातून, तिथल्या ओळखीच्या म्हातारीकडून. अंकलेश्वर ही त्या भागातली कोंबड्यांची जुनी गावठी जात, आता शुद्ध सापडणं मुश्कील. मावशींनी आठ आणली. पंधरा दिवसांत त्या खेड्यात मानमोडी, कोंबड्यांची साथ, आली आणि म्हातारीचा सगळा कळप एका आठवड्यात मेला. त्या कळपाचं जे काही उरलं ते मावशींच्या मागच्या खोलीत होतं. थर्माकोलची पेटी, एक बल्ब, पाण्याची वाटी आणि साडेसदतीस अंशांवर खिळलेली मावशींची नजर.

दोन अंडी पोकळ निघाली. एक पिल्लू कवचातच गेलं. एकविसाव्या दिवशी पाच बाहेर आली, ओली, चिडलेली, जगाला शिव्या घालत. शलाका तिथेच मांडी घालून बसली. ती दुपारी जेवायला गेलीच नाही.

आता एकच प्रश्न होता. पाचांत कोंबडा आहे का? पाचही माद्या निघाल्या तर अंडी मिळाली असती, पिल्लं नाही. बाहेरच्या जातीचा कोंबडा आणला असता तर शुद्ध वंश तिथेच संपला असता.

गल्लीत ज्याचं त्याचं शास्त्र सुरू झालं. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो. उलटं धरल्यावर मान वर करतो तो कोंबडा. कुणी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लांवर धरली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले की एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखणारे कसबी लोक असतात, पण कच्च्या हाताने पिल्लू दुखावतं; थांबा, तुरा सांगेल.

सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई अंडंसुद्धा खात नाहीत. पण रोज सकाळी कंपाउंडपाशी थांबून ते कोंबडे किती ते विचारत, “बेन, कूकडा केटला?” एकदा मावशींच्या तोंडून सवयीने निघून गेलं की आम्ही सांगत नाही.

“कूकडा माटे ए कायदो नथी, बेन,” हसमुखभाई म्हणाले. कोंबड्यांना तो कायदा लागू नाही, हे चार घरांपर्यंत पोचलं आणि गल्ली दिवसभर हसत राहिली.

सातव्या आठवड्यात चारांचे तुरे बारीक आणि फिकट राहिले. त्या तलंगा, तरण्या कोंबड्या, यात शंका नव्हती. पाचव्याचा तुरा जरासा लाल होता. पण ते भित्रं होतं, दाण्यावर सर्वांत शेवटी यायचं. मावशी तासन् तास त्याच्यासमोर बसायच्या.

“मावशी, तुम्हाला काय वाटतं?”

मावशींनी भिंतीकडे बघितलं. मग शलाकाकडे.

“मुलगी आहे वाटून बायका त्या टेबलावर रडायच्या. मला इतका राग यायचा, शलाका. आणि आता मीच रोज म्हणतेय, देवा, मुलगा दे. लाज वाटते गं.”

 शलाका पिल्लाला दाणे टाकत राहिली.

अकराव्या आठवड्यात मावशींनी पायात घालायच्या प्लास्टिकच्या कड्या आणल्या. माद्यांना हिरवी, नराला लाल. चौघींना हिरव्या घालून झाल्या. पाचवं मांडीवर होतं, तळहातावर दोन्ही रंगांच्या कड्या. कोणती उचलावी ते मावशींना ठरवता येईना.

त्याने मान ताणली. गंजलेल्या हातपंपासारखा एक आवाज निघाला आणि मध्येच तुटला. ते स्वतःच दचकलं. मग पुन्हा आरवलं, या वेळी शेवटपर्यंत.

मावशी ताडकन उठल्या. पाचवं फडफडत खाली उतरलं. कड्या कुठे उडाल्या कळलं नाही. त्या अनवाणी फाटकापर्यंत धावल्या आणि शलाका त्यांच्यामागे.

“हसमुखभाई, मुलगा आहे! मुलगा!”

“सांभळ्युं, बेन,” हसमुखभाई पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. “आखी सोसायटीए सांभळ्युं.” सगळ्या सोसायटीने ऐकलं होतं.

मावशी फाटकाला धरून हसत होत्या. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, न विचारणाऱ्यालाही. सत्तावीस वर्षांचं सगळं त्या सकाळी सांगून टाकत होत्या.

याला तीन आठवडे झाले. चौघींच्या पायात हिरव्या कड्या आहेत. पाचवा रोज पहाटे स्वतःच आरवून सांगतो; त्याचा पाय अजून रिकामाच आहे.