ठकीचं वावर

"पणजीचं नाव काय?" मी सोनवणे सरांना विचारलं.

सर जाफराबादकडचे रिटायर्ड हेडमास्तर. घराण्यातल्या पुरुषांची नावं त्यांनी पार खापरपणजोबापर्यंत घडाघडा सांगितली होती. पणजीपाशी गाडी अडली. "सगळे पणजीच म्हणायचे," एवढंच पुटपुटले.

मी मोडी वाचते. मोडी म्हणजे जुन्या कागदांवरची, हात न उचलता लिहिलेली मराठी. नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं छोटं ऑफिस आहे. जातीच्या नोंदी शोधणाऱ्यांमुळे अलीकडे आम्हाला भलताच भाव आलाय, सकाळपासून लाइन लागते. सरांचं काम मात्र निराळं होतं. त्यांचे पणजोबा भिवा इंग्रजांच्या जालना छावणीत शिपाई होते आणि लढाईत गेले, असं घरात सांगत आलेले. आता गावात सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता. कमिटी म्हणाली, प्रूफ आणा, नाव घालतो. वर कमिटीतल्या एकानं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्यातलं कोण गेल्तं हो फौजेत?" ते सरांना फार लागलं होतं. ऐकून माझंही डोकं फिरलं.

पण रागानं कागद सापडत नसतात. दफ्तरखान्यात जाऊन मी छावणीचे रुमाल आधीच पाहून आले होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. शिपायांची हजेरीपत्रकं राहिलीच नाहीत. राहिलेत पेन्शनचे अर्ज, आणि ते लावलेत अर्जदाराच्या नावानं. शिपाई मेल्यावर अर्ज कोण करणार? त्याची बेवा, म्हणजे विधवा. थोडक्यात, भिवा हवा असेल तर त्याच्या बायकोच्या नावाखाली शोधायचा. एकेक गठ्ठा सोडत बसले असते तर तोवर दगड बसून हारतुरे झाले असते.

सरांनी माझ्या ऑफिसातूनच आत्याला फोन लावला. आत्याही पणजीच म्हणाल्या. तेवढ्यात मुलाचा फोन आला, पेरणीचं विचारायला. सर वैतागले. "अरे, मी कामात हाय. ठकीच्या वावरात सोयाबीन घ्या, मंग बाकीचं बघू."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ठकी कोण?"

"कोण न्हाई. वावराचं नाव हाय."

"वावराला बाईचं नाव कसं पडलं, सर?"

"जन्मापासून म्हणून राह्यलो," ते हळूच म्हणाले. "कधी विचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी दफ्तरखान्यात मी 'ठ'चा रुमाल सोडला. मधल्या थरात होती ती. ठकू बेवा भिवा, खाली सरांचंच गाव. भिवाची पलटण, लढाईत आलेलं मरण, सगळं बिलकुल नीट लिहिलेलं. तळाशी ठकूची निशाणी. लिहिता न येणारा शेतकरी असला की कारकून सहीच्या जागी नांगर काढायचा, बाई असली की बांगडी. ठकू विधवा, हातात बांगडी नसणारच. तरी कारकुनानं बांगडीच काढली. बाईची दुसरी खूण त्याला ठाऊक नसावी.

नक्कल बघायला सर आले, तेव्हा त्या बांगडीवर बोट ठेवून रडले. मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

शिक्क्याची नक्कल बघून कमिटीनं भिवाचं नाव मुकाट घातलं. आता शिपाई शोधायला कोणी आलं की मी आधी त्याच्या बायकोचं नाव विचारते, आणि ते माहीत नसेल तर वावरांची नावं.

दगड बसला त्या दिवशी मी गेले होते. भिवाच्या नावाखाली सरांनी स्वतःच्या खर्चानं एक लहानसं वर्तुळ कोरून घेतलं होतं. टपरीवर तसं विचारणारा तोच गडी वाकून बघत म्हणाला, "सर, हे शून्य कशाचं?"

"शून्य न्हाई ते," सर म्हणाले. "माझ्या पणजीची सही हाय. ठकू तिचं नाव."