यारीवाला दुमिंग

दुमिंगमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. उत्तनात त्याला सगळे ‘यारीवाला’ म्हणत. ज्याच्या हातून यारी कधीच गेली, त्याला अशी हाक मारताना लोकांची जीभ कशी वळते, हे मला अजून कळलेले नाही. यारी म्हणजे क्रेन. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी भाईंदरच्या खाडीवर एका कंत्राटदाराने वाफेची यारी आणली होती. खाणीतला दगड धक्क्यावरून उचलून ती खालच्या पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, ठेवायची. मामा वर दांडा धरून बसे. पडावात उभा राहून दगड जागेवर बसवायचा तो पोशा, भाईंदरचा कोळी. दोघांचे असे सूत जमले की लोक म्हणत, यांची दोन्ही अर्थांनी यारी.

ओहोटीला पडाव इतका खाली जाई की मामाला पोशा दिसतच नसे. मग सगळा कारभार आवाजावर. पोशा ‘हबेस’ ओरडला की दगड वर, ‘आरिया’ ओरडला की खाली. खलाशांची बोलीच ती.

एका दुपारी पोशाची बायको हौसा भाकऱ्या घेऊन आली. माणूस कामात आहे की नाही हे न बघता जेवायला बोलावायची आपल्याकडे खोडच आहे. त्यात तिचा आवाज मासळीबाजारात तयार झालेला. धक्क्याच्या कडेला उभी राहून तिने हाक घातली, “आरं या...” वाफेच्या फसफसाटात मामाने ‘आरिया’ ऐकले आणि दगड खाली सोडला. खाली पोशा पायाने ओंडका सरकवत होता. दगड त्या पायावर बसला.

कंत्राटदाराच्या माणसाने विचारले, कसे झाले? समोर हौसा नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. मामा म्हणाला, “माझा हात सुटला.”

नोकरी गेली ती गेली. हौसाने भर बाजारात त्याला शिव्याशाप दिले, तेही त्याने खाली मान घालून ऐकले. त्याला फक्त पोशा हवा होता. वाडीतली केळी घेऊन तो भेटायला गेला, तर पोशाने कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग मामा गेलाच नाही. मला विचाराल तर जायला हवे होते. दोस्तीत माणसाने थोडे निर्लज्ज असावे.

लढाई संपली त्या सुमारास हौसा तापाने गेली. मामा सरणापासून लांबच उभा राहिला. माणसे पांगल्यावर पोशा कुबडी टेकत त्याच्याजवळ आला.

“तिची हाक मना पन आयकू आली व्हती,” तो म्हणाला.

पोशाने कुबडी दुसऱ्या काखेत घेतली.

“तू आलास का मना भ्या वाटं, बोलता बोलता निंगल तोंडातून. ती घरानच आसं. म्हनून कूस बदलं मी. तिला कल्ला आसता त ती जगली नसती.”

“मंग भायेर कुठं तरी भेटाचा व्हता.”

“कंच्या पायानं येऊ?” पोशा म्हणाला. “तू याचास.”

त्यानंतर पोशा फार जगला नाही. मामा रोज त्याच्या ओटीवर जाऊन बसे. हौसासाठी दोघांनी इतकी वर्षे तोंड बंद ठेवले होते, आणि आता अडवणारे कोणी नव्हते, तर दोघांना बोलायला काही सापडत नसे.