मी साइड दिली नाही

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं मात्र कधीच नाही. खरं तर वाचायचो तेही थोडं हसायलाच... पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कोणी "आपोआप झालं" म्हणालं की पहिला संशय सांगणाऱ्यावर घ्यायचा, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी भूतबित मानत नाही. आजही नाही. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं बोललो नाही, आणि त्यापायी एका माणसाचं फार नुकसान झालं. म्हणून आता लिहितोय. नावं बदलली आहेत.

२००३ चा मे महिना. मी तेव्हा इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहायचो. दोन राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, सोडून मिलिंद आणि त्याची बायको रूपाली राहायचे. मिलिंद माझा पुण्यापासूनचा, कॉलेजातला मित्र. शिवाय आमचे भाऊ, नात्याने नव्हे, सगळेच त्यांना भाऊ म्हणायचे. तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, एकटे राहायचे आणि शनिवार-रविवार आमच्याकडे जेवायचे.

बेत खरा हिमालयाचा होता. मनाली ते लेह, भाड्याची जीप, आम्ही तिघं. मिलिंदच्या किचनमध्ये फ्रिजवर नकाशा लावलेला होता. पण ऐन वेळी माझा आणि मिलिंदचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीच्या कामाला अडकला. पाठवलेला परत कधी येईल पत्ता नाही, त्यामुळे देशाबाहेर पाऊल टाकता येईना. रजा मात्र मंजूर झालेली. मिलिंद म्हणाला, "हिमालय नाही तर नाही, त्याचा लांबचा चुलतभाऊ तरी बघून येऊ." असे आम्ही स्कॉटलंडला निघालो. रूपालीला दिवस गेलेले होते, ती मागे राहिली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी बरोबर दिली.

गाडी भाड्याची. इन्शुरन्सवर नाव एकट्या मिलिंदचं. माझंही घालायचं तर वर जादा भरावं लागत होतं, ते आम्ही टाळलं. भाऊंचा प्रश्नच नव्हता, ते दर टेस्टला राउंडअबाउटवर नापास, आणि मिल्टन कीन्सला तर पावलोपावली राउंडअबाउट. "भाऊ, तुम्ही गावच चुकीचं निवडलंत," मिलिंद म्हणायचा.

तो रविवार होता. आदल्या रात्री आम्ही स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, उलापूलला मुक्काम केला. सकाळी नाश्ता वाढताना घरमालकीणबाईंनी विचारलं, "आज, रविवारी निघालात?" आम्हाला वाटलं, बाई प्रेमाने चौकशी करतायत.

उलापूलच्या उत्तरेला मुख्य रस्ता सोडला की समुद्राकाठच्या एका लहान गावाकडे फाटा जातो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रस्ता त्या गावातच संपतो. डाव्या हाताला लांबच लांब तळं, उजवीकडे डोंगर. ऊन स्वच्छ होतं. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता... हे ठासून लिहितो, कारण पुढे सगळ्यांनी हेच विचारलं.

रस्ता एकाच गाडीपुरता. ठिकठिकाणी तो जरा फुगवलेला असतो, तिथे 'पासिंग प्लेस' अशी पाटी. समोरून गाडी येताना दिसली की ज्याला ती जागा जवळ असेल त्याने तिथे थांबायचं, आणि दोघांनीही एकमेकांना हात वर करून दाखवायचा. मिलिंदला ही पद्धत भलतीच आवडली.

"खंबाटकीत असं असतं तर काय मजा आली असती!"

"खंबाटकीतही हात वर करतात," भाऊ मागून म्हणाले, "पण थँक्यूसाठी नाही."

थोड्या वेळाने मिलिंदने गाडी पासिंग प्लेसमध्ये घेतली. मी नकाशात डोकं घातलेलं. तो थांबला, हात वर केला, निघाला. मी वर पाहिलं तर रस्ता मोकळा.

"कोण होतं?"

"पांढरी व्हॅन."

मागे वळण होतं. म्हटलं, गेली असेल.

दुसऱ्यांदा मात्र मी समोरच बघत होतो. रस्ता तळ्याच्या कडेने सरळ, नजर पोचेल तिथवर रिकामा. मिलिंदने गाडी बाजूला घेतली. थांबला. हात वर केला आणि वर छान हसलाही.

"आता कोण?"

"म्हातारा-म्हातारी होते रे. म्हातारीने पण हात केला."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "नाटक बरं वठवतोय."

मिलिंदचा स्वभावच तसा. एकदा माझ्या घरमालकाचा आवाज काढून त्याने मला फोनवर घर सोडायची नोटीस दिली होती, आणि मी खरंच खोकी भरायला घेतली होती. तेव्हा मी हसलो. पण तिसऱ्या वेळी हसू येईना. चेष्टा करणारा माणूस हळूच आपल्याकडे बघतो... आपण फसलो की नाही ते. मिलिंद बघत नव्हता. त्याची नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली, अगदी जाणाऱ्या गाडीबरोबर सरकते तशी.

मग मला भाऊंचाच संशय आला. सकाळी हे दोघं गाडीच्या डिकीपाशी काहीतरी कुजबुजत होते आणि मी आल्यावर गप्प झाले होते.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय ना हे?"

"अरे गाढवा, उद्या तुझा वाढदिवस. केकचं बोलत होतो," भाऊ म्हणाले. "फोडलंस सरप्राइज."

मिलिंद खो-खो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. चौथ्या वेळी तो थांबला तेव्हा मी म्हणालो, "उतर. मी चालवतो."

"इन्शुरन्स?"

"इथे कोण बघायला येतंय? तुझी म्हातारी?"

तो हसतच उतरला. आम्ही जागा बदलल्या. मी गाडी जरा जोरातच काढली. थोडं गेल्यावर मिलिंद म्हणाला, "हेमंत, साइड दे."

"कोणाला?"

"लाल गाडी. ती काय, चढावर."

चढ समोर होता. त्यावर काही नव्हतं.

"हेमंत, चेष्टा पुरे. ती जागा गेली बघ... पुढची पकड. अरे, पकड ना!"

पुढची पासिंग प्लेस मला दिसत होती. आपल्याच बाजूला, जवळ. मी ठरवलं की नाही थांबायचं. आता याचं पितळ उघडं पाडायचं. पुढे जे झालं ते सगळं या एका हट्टापायी.

"येऊ दे," मी म्हणालो.

मिलिंदने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले. "अरे, माणसं आहेत त्यात!"

मी सरळ गेलो. धक्का नाही, आवाज नाही. फक्त गाडी किंचित हलली, मोटरवेवर शेजारून मोठी लॉरी गेली की हलते तशी. तेवढंच.

"बघ. झालं काही?" असं म्हणताना मी आरशात पाहिलं.

लाल गाडी होती. रस्ता सोडून तळ्याच्या बाजूला उतरलेली, नाक झुडपांत खुपसलेलं, ड्रायव्हरचं दार उघडं. दाराशी एक माणूस उभा, आमच्याकडे तोंड करून. मग वळण आलं.

मिलिंद ओरडत होता, "थांब! खाली गेली ती! हेमंत, थांब!" भाऊ मागच्या काचेतून बघत म्हणाले, "कुठे काय? रस्ता मोकळा आहे, मिलिंद."

मिलिंद माझ्याकडे वळला. "तू आरशात पाहिलंस. मी तुला बघताना पाहिलं."

"काही नव्हतं," मी म्हणालो.

तेव्हा डोक्यात काय होतं ते जसंच्या तसं लिहितो. माझ्या नावाने इन्शुरन्स नाही. पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला. पोलिसांत नाव गेलं तर कायमचं घरी पाठवतील. त्या माणसाला लागलं का, हा विचार यानंतर आला. आणि ती गाडी भाऊंना का दिसली नाही, हा तर त्याच्याही नंतर.

मी थांबलो तो थेट गावात. गाव चिडीचूप. दुकान बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. चर्चबाहेर गाड्या ओळीने लावलेल्या आणि आतून वाद्याशिवाय गाण्याचा आवाज. दारापाशी काळ्या सुटातले एक वृद्ध गृहस्थ होते. मिलिंदने त्यांना लाल गाडीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इथली नसेल," ते म्हणाले. "रविवारी आमच्याकडे चर्चला येण्याखेरीज कोणी गाडी काढत नाही. आणि आम्ही सगळे आत आहोत."

"पाहुणे कोणी?"

"पाहुण्यांना आम्ही ओळखतो. सकाळपासून या गावातून एकही गाडी वर गेलेली नाही."

रस्ता त्या गावापलीकडे जात नाही. पुढे समुद्र आहे. मग ती व्हॅन, ते म्हातारा-म्हातारी... आले कुठून?

भाऊ म्हणाले, "चला, मागे जाऊन बघू. मिलिंदचं समाधान होईल." आता मिलिंद चालवत होता. त्याने एका वळणाशी गाडी लावली आणि झुडपं तुडवत खाली उतरला. बूट, मोजे, पँटसकट गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला. भाऊ काठावरून हाका मारत होते, "अरे, वर ये! गारठून मरशील!" कुठे चाकाचा माग नाही, मोडलेली काटकी नाही.

मी गाडीपाशी उभा होतो. तो चुकीच्या वळणावर शोधत होता. मी पाहिलेली जागा पुढच्या वळणामागे होती. मी ते सांगितलं नाही.

तिथे जाऊन पाहिलं असतं तर काही सापडलं असतं की नसतं, हे मला कधीच कळणार नाही.

परत आल्यावर मिलिंद स्वतःच डॉक्टरकडे गेला. रूपालीचा मला फोन आला. "हेमंत, खरं सांग. काहीतरी असेलच ना रस्त्यावर? एखादी गाडी?" मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि वर "त्याच्यावर कामाचा फार ताण आहे गं" असंही म्हणालो. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, भुतामुळे नाही.

मेंदूचा स्कॅन झाला, काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. लायसन्स गेलं. त्याचं काम लांब बेसिंगस्टोकला, गाडीशिवाय जमेना, तेही सुटलं. शेवटी रूपालीला केंब्रिजला लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि ते तिकडे गेले. तिथे सायकलवर भागतं. मुलगी झाली. पण मुलीला घेऊन मिलिंद एकटा कधी बाहेर जात नसे. रूपाली जाऊ द्यायची नाही. तिचं काय चुकलं? दोन्ही साक्षीदारांनी, भाऊंनी आणि मी, रस्त्यावर काही नव्हतं असंच सांगितलं होतं, आणि त्यातले एक डॉक्टर.

गेल्या महिन्यात मी केंब्रिजला गेलो. मिलिंद जाड झालाय, बोलतो सावकाश. चहा होईपर्यंत कसाबसा थांबलो आणि सगळं सांगितलं. आरसा, लाल गाडी, वळण. मला वाटलं तो मारेल. निदान शिव्या तरी देईल.

तो म्हणाला, "तो माणूस उभा होता?"

"हो."

"नक्की? स्वतःच्या पायावर?"

"हो, मिल्या. दाराला धरून."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की आपण वेडे आहोत का, हा त्याचा प्रश्न असणार. त्याचा प्रश्न तो नव्हताच. ती माणसं मेली की वाचली, एवढंच तो धरून बसला होता.

मग म्हणाला, "आता हे रूपालीला सांग. मी सांगून उपयोग नाही."

रूपाली आतून हात पुसत आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मी तुला दोनदा विचारलं होतं, हेमंत." बस. सहा वर्षांच्या मुलीचे बूट दाराशी पडले होते, ते तिने उचलून मिलिंदच्या पुढ्यात ठेवले. "तिला बागेत घेऊन जा," म्हणाली. मी निघालो तेव्हा निरोप द्यायला कोणी आलं नाही, आणि यावं असंही नव्हतं.

भाऊंनाही फोनवर सांगितलं. त्यांचा विश्वास नाही. ते म्हणाले, "अपराधी माणसाला मागाहून काहीही आठवतं. मी त्याच क्षणी मागे बघत होतो. रस्ता मोकळा होता." असेलही. मिलिंदने बोलून बोलून ती गाडी माझ्या डोळ्यांत घातली असेल, असाही संशय मी माझ्यावर घेऊन पाहिला. पण त्याने फक्त 'लाल गाडी' म्हटलं होतं. उघडं दार आणि दारातला माणूस मला कोणी सांगितला नव्हता. कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल.

एवढं लिहून मी थांबणार होतो. पण परवा संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. मागे मुलीचा आवाज येत होता, दोघं बाहेर कुठेतरी होते. सुरुवातीला बरं बोलला. मग म्हणाला, "एक राहिलं विचारायचं. तो माणूस ड्रायव्हरच्या बाजूने उतरला ना?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

मुलगी काहीतरी मागत होती, तिला तो "थांब गं, एक मिनिट" म्हणाला.

"गाडीत तिघं होते, हेमंत."

मी आरशात एकच पाहिला होता. तसं मी त्याला सांगितलं. या वेळी खरं तेच सांगितलं.