पाडव्याचं पहिलं बिल

दिवाळीच्या पाडव्याला जालन्यातल्या एका ठोक दुकानाची बोहनी माझ्या हातानं व्हायची. पाइप, पाण्याच्या मोटारी, व्हॉल्व्ह असा शेतीचा माल तिथं मिळतो. टेंभुर्णी, जाफराबाद, राजूर या बाजूचे आम्ही किरकोळ दुकानदार त्याचे गिऱ्हाईक. मुहूर्तावर प्रत्येकानं एक छोटं बिल फाडायचं, त्यावर शेठ कुंकवाचं स्वस्तिक काढणार, वर सुपारी ठेवणार, आणि मग वर्षभर माल त्याच्याकडूनच उचलायचा, अशी रीत. रांगेत दुकानदार बाई मी एकटीच. शेठनं पहिल्याच वर्षी जाहीर केलं, "लक्ष्मीच्या हातानं सुरुवात." तेव्हापासून माझं बिल फाटल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं बिल फाटत नसे.

हा मान मी एका पाडव्याला त्याच्याच गळ्यात अडकवला. मला त्याचा आजही पस्तावा नाही.

टेंभुर्णीत आमचं दुकान आहे. मागच्या खोलीत नवरा जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरतो, पुढं गल्ला आणि कागद मी सांभाळते. सकाळच्या चहाबरोबर मी दिवसाची यादी करते आणि काम झालं की त्यावर रेघ मारते. रेघ न मारलेली ओळ दुसऱ्या दिवशी दिसली की मला जेवण गोड लागत नाही. जीएसटी आला तेव्हा गावातले लोक घाबरले होते. मला उलट बरं वाटलं. तारखा ठरलेल्या, रकाने ठरलेले. माझ्यासारखीसाठीच केलेलं काम वाटलं.

मग लॉकडाऊन आलं. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आमचा माल खपायच्या दिवसांत, शटर खाली. शेतात मोटारी जळत होत्या आणि नवऱ्याला भरायला तांब्याची तार मिळत नव्हती. शटर पुन्हा वर गेलं तेव्हा सरकार टीव्हीवर रोज काही ना काही वाटत होतं. छोट्या धंद्यांना सरकारी हमीचं कर्ज, हप्त्यांना सवलत, कर भरायच्या तारखा पुढं, उशीर झाला असेल तर दंड माफ. आम्हाला बँकेनं बोलावून कर्ज दिलं. आम्ही घेतलं, रब्बीचा माल भरायला म्हणून. कर मात्र मी त्या काळातही तारखेच्या आत भरला. तारखेच्या आत भरणाऱ्यांसाठी कुठल्याच घोषणेत काही नव्हतं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

पुढं धंदे जरा सावरले तशी सरकारला तिजोरीची आठवण झाली आणि नियम आवळला गेला. तो असा. मी शेठकडून पाइप घेते तेव्हा बिलावरचा कर त्याला देते. तोच पाइप विकते तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर घेते. शेठला दिलेला कर त्यातून वजा करायचा आणि उरलेला सरकारला भरायचा. या वजावटीला आमच्यात क्रेडिट म्हणतात. नव्या नियमानं ही वजावट मला तेव्हाच मिळणार, जेव्हा शेठ माझं बिल त्याच्या विवरणात, म्हणजे रिटर्नमध्ये, सरकारला दाखवेल. त्यानं दाखवलं नाही तर मी दिलेला कर दिलाच नाही असं धरायचं, आणि मी तो पुन्हा भरायचा.

जाफराबादला आमचा कराचं काम बघणारा माणूस आहे. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

"ताई, तुमचं क्रेडिट दिसत न्हाई."

"माझ्याकडं सगळी पक्की बिलं आहेत."

"बिलं असून काय उपयोग? शेठनं दोन तिमाह्या काहीच भरलं न्हाई. तुमच्याकडून कर घेतला आन् गप बसला."

"मग सरकारनं त्याला धरावं. खाल्लं त्यानं, मी का भरू?"

"त्याला धरायला जालन्याला जावं लागतं, नोटीस काढावी लागते, तो वकील लावतो. तुम्ही जल्दी सापडता. रोज दुकान उघडता, वेळेवर भरता."

तो हे चांगुलपणानंच म्हणाला. मी एसटीनं घरी येईपर्यंत तेवढंच घोकत होते. तुम्ही जल्दी सापडता.

मी दुसऱ्यांदा कर भरला. पैसे हमीच्या कर्जातले गेले. धंदा उभा करायला सरकारनं दिलेलं कर्ज असं सरकारकडंच परत गेलं, हप्ते आणि व्याज तेवढं माझ्या यादीत राहिलं.

शेठला फोन केला. तो घाबरलेला वगैरे अजिबात नव्हता.

"ताई, सगळेच थांबलेत. मागच्या टायमाला माफी आल्ती का न्हाई? याही टायमाला येणार. उगं दंडाचा खर्चा कशाला?"

"तुम्ही माफीची वाट बघता, शेठ, आणि भुर्दंड मी सोसते."

"अडकलंय, बुडालं न्हाई. बहिणीचा पैसा भाऊ बुडवतो व्हय?"

पुढच्या खेपेला मी माल आणायला गेले तेव्हा त्याच्या दुकानाला पुढून काच लागली होती आणि आत एसी चालू होता. नोकरानं पाणी आणून दिलं. मी त्या थंडगार हवेत बसले आणि विचार केला, या हवेत माझा कर आहे. शेजारी बसलेल्या राजूरच्या दुकानदाराचाही आहे. तो बिचारा वर बघून म्हणत होता, "बराबर गार करतोय." त्याला तर अजून माहीतच नव्हतं.

माझा राग तिथं पक्का झाला. सरकारवरही होता, आहे. पण सरकारपर्यंत माझा हात पोचत नाही. शेठपर्यंत पोचत होता.

मला एक तारीख ठाऊक होती. त्या वर्षाचं अडकलेलं क्रेडिट नोव्हेंबर संपेपर्यंत मिळवता येणार होतं. त्यानंतर ते कायमचं बुडणार होतं. बुडालं असतं तर हरभऱ्या-गव्हाला लागणारे तुषार संच भरायला माझ्याकडं काही उरत नव्हतं, आणि रब्बीला दुकानात माल नाही म्हणजे गिऱ्हाईक एकदाच परत जातं, पुन्हा येत नाही. उन्हाळाभर, पावसाळाभर मी फोन केले. दसऱ्यानंतर त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं.

पाडवा नोव्हेंबरच्या आधी होता.

कुठल्याही व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर सरकारच्या साइटवर टाकला की त्यानं विवरण भरलं का नाही हे मोबाइलवर कुणालाही दिसतं. मी जीप आणि एसटी धरून दुकानं फिरले. प्रत्येकाच्या हातात त्याचाच मोबाइल दिला आणि शेठचा नंबर टाकायला लावला. माणसाचा चेहरा बदलायला फार वेळ लागत नाही. राजूरच्या दुकानदारानं तर शेठच्या एसीला उभ्या बाजारात शिवी घातली. जाफराबादचे एक वयस्कर दुकानदार आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. ते तेवढे अडून बसले.

"सणाच्या दिवशी नको, ताई. दुसऱ्या दिवशी जाऊ सगळे मिळून."

"दुसऱ्या दिवशी तो चहा पाजतो आणि आपण पिऊन येतो, काका. इतकी वर्षं काय केलं?"

"मंग आम्ही काय करायचं तिथं?"

"काही बोलू नका. फक्त रांगेतून हलू नका."

घरी नवरा मात्र अस्वस्थ होता. तो मोटारींचा माणूस. भांडणाचा आवाज झाला की मागच्या खोलीत जातो. "बोहनी मोडू न्हाई," तो म्हणाला. "त्याचा वर्षाचा दिवस हाय."

"माझं अख्खं वर्ष त्यानं मोडलं त्याचं काय?"

तो मागच्या खोलीत गेला. सकाळी मात्र स्वतःहून मला एसटी स्टँडवर सोडायला आला आणि म्हणाला, "पेढा खा पण. उपाशी भांडू नको."

मी जरीची साडी नेसले होते. दुकान झेंडूनं भरलेलं, गादीवर नवी चादर, पूजेसमोर कोरं बिलबुक. शेठ, त्याचा जावई, दोन मुनीम. आम्ही सगळे रांगेत, पुढं मी. शेठनं मला हात जोडले, "या लक्ष्मी," म्हणाला, पेढा दिला. मी खाल्ला. गोड होता, केशर घातलं होतं. त्यानं पेन उचललं.

"काय लिहू, ताई? नेहमीसारखा एक व्हॉल्व्ह?"

"लिहू नका अजून. आधी जुन्या बिलांचं विवरण भरा. मग मी पहिलं बिल फाडते."

त्याला वाटलं मी मस्करी करते. तो हसला, जावईही हसला. माझ्या मागं कुणी हसलं नाही.

"ताई, आज हा विषय व्हय?"

"आजच. आज तुम्ही फोन न उचलता पळू शकत नाही."

"राजूरच्या गणपतीची आन घेतो, महिन्याभरात भरतो."

"गणपतीला मधे घेऊ नका, शेठ. त्याला जीएसटी नंबर नाही."

रांगेत कुणीतरी फसकन हसलं. ते हसू शेठला झोंबलं. तो माझ्या मागं बघून म्हणाला, "चला काका, तुम्ही या पुढं. ताईचं नंतर बघू."

काका हलले नाहीत. काका पुढं गेले असते तर मी तिथं एक भांडखोर बाई एवढीच उरले असते. काका घसा साफ करून म्हणाले, "बोहनी लक्ष्मीच्या हातची. तुमचीच रीत हाय, शेठ. आम्ही मधीच कसं घुसावं?"

मग शेठचा आवाज चढला. अशुभ, वाईट दिवस, जिथं खाल्लं तिथंच, बाईमाणसानं, असं बरंच. मी पदर नीट केला आणि बाजूची खुर्ची ओढून तिथंच बसले. मुहूर्त संपत आला तसा जावई घड्याळाकडं बघायला लागला. मुनीम बिलबुक उघडून बसला होता, त्याचं पेन उघडंच. रस्त्यावरून जाणारे दुसरे व्यापारी काचेतून आत डोकावत होते. ती काच त्यानं हौसेनं लावली होती. आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं.

मुहूर्त टळला. शेठच्या दुकानात त्या पाडव्याला बिल फाटलं नाही. मी उठले, गादीला नमस्कार केला आणि आम्ही सगळे बाहेर पडलो. बाहेर काकांनी विचारलं, "आता वर्षभर माल कुठून?" शेजारच्या गल्लीतला दुसरा ठोकवाला मी आठवड्यापूर्वीच बघून ठेवला होता. भावही विचारून ठेवले होते.

पुढच्या काही दिवसांत ही गोष्ट बाजारभर झाली, आणि शेठकडं इतर तालुक्यांतले दुकानदारही मोबाइल काढून विचारायला लागले. त्यानं दोन्ही तिमाह्या भरल्या. कर, व्याज, उशिराचा दंड, सगळं. नोव्हेंबर संपायच्या आत माझं क्रेडिट दिसलं. मी त्या ओळीवर रेघ मारली, आणि रब्बीचे संच दुकानात उतरवून घेतले.

तो मात्र गप्प बसला नाही. त्याचं ते वर्ष मंदीचं गेलं, आणि त्याचं खापर त्यानं माझ्यावर फोडलं. लक्ष्मीची अवदसा झाली असं तो सांगतो, हे मला तीन ठिकाणांहून कळलं. टेंभुर्णीतल्या एका बाईनं नव्या दुकानाच्या पूजेला मला बोलावलं नाही, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. लागलं मला. खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी मी शेठला माफ करावं असं काही मला वाटलं नाही. उलट तेही त्याच्या खात्यावर चढवलं.

मग पुन्हा एकदा सरकारनं माफी जाहीर केली. पेपरात आलं होतं. कुठली विवरणं तिच्यात बसतात, कुठली नाही, हे मी कराच्या माणसाला मुद्दाम विचारलं नाही. शेठनंही विचारलं नसणार, कारण तो बातमी वाचून दुकानात डोकं धरून बसला होता असं काकांनी मला हसत हसत सांगितलं. मी ती बातमी शेवटपर्यंत वाचली. शेवटाकडं एक वाक्य होतं: ज्यांनी दंड आधीच भरला आहे, त्यांना तो परत मिळणार नाही.

आजवर हे वाक्य माझ्यासारख्यांसाठी लिहिलेलं असायचं. जे वेळेवर जातात, रांगेत उभे राहतात, भरतात, आणि मग मागून आलेल्याला सूट मिळताना बघतात. सरकारनं ते बदललं नाही, बदलणारही नाही. पण एकदा तरी ते वाक्य त्याच्या डोक्यावर पडलं, आणि ते मी पाडलं.

पुढच्या पाडव्याला मी त्याच्या दुकानात गेले. बोहनी आधीच त्यानं भाचीच्या हातानं करून घेतली होती. मला बघून मुनीम उभा राहिला. मी रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहिले, नंबर आल्यावर नळाचा एक वायसर मागितला आणि म्हटलं, "पक्कं बिल द्या. माझा नंबर घालून."

शेठनं बिल लिहिलं. स्वस्तिक काढलं नाही. मी पर्समधून पेपराचं कात्रण काढलं, त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली, आणि पेढ्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं ते वाचलं. मी पेढा उचलला.

यंदाही मी जाणार आहे. वायसर एकच घेते, बिल पक्कं घेते, आणि विवरण भरायची तारीख उलटली की त्याचा नंबर मोबाइलवर टाकून बघते. आता तो दर वेळी तारखेच्या आत भरतो.