अंगणातली इंद्रायणी

लग्नानंतर आमचं पहिलं बिऱ्हाड इंद्रायणीकाठच्या निघोज्यात होतं, एका मावशींच्या घरातल्या दोन खोल्यांत. आमचे हे पाटबंधारे खात्यात नोकरीला. कुठे किती पाऊस पडला म्हणजे नदीला किती पाणी येईल, याचे अंदाज बांधायचं काम त्यांच्याकडे होतं.

एका सुट्टीत ह्यांनी अंगणात गावामागच्या ओढ्याची मातीची प्रतिकृती केली. मी झारीने तिच्यावर पाऊस पाडला. झारी खाली ठेवायच्या आत पाणी दुसऱ्या टोकाला! खरा ओढाही तसाच. सर आली की आपला चहा होईपर्यंत फुगायचा. हे खूश झाले. म्हणाले, "नदी म्हणजे तरी काय, मोठा ओढाच."

पुढे श्रावणात एका दुपारी मुसळधार पाऊस झाला. "संध्याकाळी नदी चढणार," असं ह्यांनी मावशींना छातीठोकपणे सांगितलं. पिठलं-भाकरी बांधून घेऊन आम्ही तिघं काठावर जाऊन बसलो. पिठलं संपलं, दिवस मावळला, नदी होती तिथेच.

"सायेब, पानी कंदी येनार?" मावशींनी विचारलं.

"येईल, येईल," म्हणत हे पाण्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी धुणं घेऊन नदीवर गेले, तर धुण्याचे दगडच दिसेनात. तशीच पळत घरी आले. "अहो, नदी आत्ता चढलीय!"

हे दाढी अर्धी टाकून धावले. ते गढूळ पाणी बघितलं आणि मोठ्याने हसायला लागले. मला वाटलं होतं, अंदाज चुकला म्हणून तोंड पाडतील.

"अगं, हे काल लोणावळ्याकडच्या डोंगरात पडलेलं पाणी! रात्रभर वाट चालत आलंय. नुसता ओढा मोठा केला म्हणून त्याची नदी होत नाही."

त्या रविवारी अंगणभर मातीची नदी पसरली, उपनद्यांसकट. मावशी झारी घेऊन डोंगराच्या टोकाला, मी गावाजवळ. दोघींनी एकदम ओतलं, तर माझं पाणी आधीच निघून गेलं आणि मावशींचं मागून सावकाश आलं. पूर काही आला नाही.

"मावशी, आता तुम्ही आधी ओता," हे म्हणाले. "तू थांब हं. थांब... आता!"

दोन्ही पाणी एकत्र झालं आणि काठ फोडून थेट खुराड्यात शिरलं. कोंबड्या कलकलाट करत पळाल्या. मावशी तोंडाला पदर लावून हसत खालीच बसल्या. "आमची नदी लई लबाड हाय की, सायेब!"

त्यानंतर पाऊस झाला की हे "किती पडला?" याच्या आधी "कुठे पडला?" असं विचारायचे. अंदाज तरीही चुकत, पण पूर्वीइतके नाही. दिवाळी झाल्यावर मावशींनी ती माती कालवून दोन चुली घातल्या आणि त्यातली एक मला दिली.