श्रावणातल्या शुक्रवारची खानावळ

हसणार नसाल तरच सांगते. म्हणजे हसालच, पण निदान हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा शुभांगीच्या नाकातून चहा आला होता.

तर आता काय सांगू तुम्हाला! जालन्यात राहायला येऊन मला पुरता आठवडाही झाला नव्हता, आणि मी एका परक्या घरात शिरले, पाय धुऊन घेतले, पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली आणि वर त्या घरच्या मुलाशी लग्न केलं. तोंडी. पण केलं!

मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, तरी झाली की दचकते. अशी मुलगी बीएस्सी करून कुंभार पिंपळगावहून जालन्याला येते, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागते आणि एकटीनं खोली घेऊन राहते, यातच सगळं आलं. खोलीच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "गॅस, शेगडी, स्टो, काही चालणार न्हाई."

मग जेवायचं कुठं?

एवढं मोठं जालना! खायला काय कमी आहे? पण एकट्या मुलीनं खायला धीर लागतो, तो आणायचा कुठून? पोह्यांच्या गाडीजवळ गेले, तर तिथं आठ-दहा पुरुष बशा घेऊन उभे. मी गाडीकडं न बघता, जणू मला पलीकडच्या चपलांच्या दुकानात जायचं होतं, अशी पुढं गेले. आणि खरंच दुकानात शिरले. चपला घेऊन बाहेर आले! दुसऱ्या दिवशी एका हॉटेलात पाऊल टाकलं. वेटर म्हणाला, "फॅमिली?" मी म्हटलं, "न्हाई, एकटीच." तो म्हणाला, "फॅमिली रूम तिकडं." पडदा सरकवला तर आत खरीच फॅमिली जेवत होती. मी "सॉरी, सॉरी" म्हणत उलट्या पावली रस्त्यावर. भाजीबाजारात जाऊन सुंदर मेथीची जुडी घेतली आणि खोलीवर येऊन तिच्याकडं बघत बसले. शिजवणार कशावर? शेवटी मोसंबीच्या ज्यूसवाल्याकडं जमलं, कारण तिथं बोलावं लागत नाही, बोट दाखवलं की झालं. घरी आमची मोसंबीची बाग, आणि मी इथं उभी राहून ग्लासभर ज्यूसला जेवण म्हणत होते!

एरवी पाचही दिवस बिस्किटं. आईचा रोज फोन.

"जेवलीस का?"

"हो."

"खानावळ बरी आहे का गं?"

"मस्त आहे!"

शुक्रवारी ऑफिसात माझं डोकं टेबलावर पडायची वेळ आली, तेव्हा शेजारच्या शुभांगीनं कोपरानं ढोसून विचारलं. खरं सांगितलं, तर ती उडालीच.

"अगं, डाळ मिलच्या मागं तिसऱ्या गल्लीत काकूंची खानावळ आहे. घरातच आहे, बोर्ड-बिर्ड काही न्हाई. हिरवं दार. दारात हात धुवायला बादली-तांब्या ठेवलेला असतो, तीच खूण. आणि हे बघ, दारात उभी राहून 'येऊ का, येऊ का' करू नको. काकूंना चीड आहे. सरळ आत जाऊन बसायचं. मी फोन करून सांगते त्यांना."

आता तिसरी गल्ली म्हणजे मिलच्या कोपऱ्यापासून मोजायची की चौकापासून? हे शुभांगीला विचारायला हवं होतं. पण परत फोन करून त्रास कशाला द्यायचा, असा माझा स्वभाव. मी चौकापासून मोजलं.

आणि होतं की हो हिरवं दार! उघडं. दारात बादली, बादलीवर तांब्या. आतून तळणीचा असा वास येत होता की मला रडूच आलं. मी तांब्या उचलून हात धुवायला लागणार, तोच आतून जरीच्या लुगड्यातल्या एक काकू धावत आल्या.

"आली का गं बाई! एक वाजून गेला न! मी सकाळपासून वाट पाहून राह्यले!"

शुभांगीनं काय जोरदार फोन केलाय, मला वाटलं. काकूंनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि गार पाणी सरळ माझ्या पायांवर! मी किंचाळले.

"थंड लागलं का?" काकू हसल्या आणि माझे पाय पुसून माझ्या बोटांकडं बघत म्हणाल्या, "आजकालच्या पोरी पायांत काहीच घालत न्हाईत."

मी मनात म्हटलं, जालन्याच्या खानावळी स्वच्छतेला भलत्याच कडक दिसतात! आणि बोटांचा टोमणा? तो तर आमच्या गावातही कुणीही मारतं. मग हळद-कुंकू लागलं. म्हटलं, शुक्रवार आहे, करत असतील गिऱ्हाइकांचं. तुम्ही हसताय, पण पाच दिवस बिस्किटं खाऊन बघा, डोकं चालतं का ते!

आत एकच पाट. ताटाभोवती रांगोळी. कोपऱ्यात खुर्चीवर एक काका पेपर घेऊन बसलेले.

"बसव तिला जल्दी," काका म्हणाले. "माझी शुगर खाली चालली."

"डब्यातली शेव खाल्ली न तुम्ही आत्ता? पाहिलं मी," काकू म्हणाल्या.

पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी, भजी, कुरडई. पहिला घास तोंडात गेला आणि मी ठरवलं, नोकरी गेली तरी चालेल, ही खानावळ सोडायची नाही. आता व्यवहाराचं बोलून घ्यावं, म्हणून सगळा धीर गोळा केला.

"काकू, तुमच्याकडं महिनाभर असतं ना?"

"महिनाभर कुठलं गं? शुक्रवारचंच."

"मग बाकीचे दिवस लोक काय करतात?"

"आपापल्या घरी जेवतात की!"

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी कशाचं? संध्याकाळी आम्ही खिचडी टाकतो."

"मला खिचडी पण चालेल."

काकूंनी काकांकडं पाहिलं. काकांनी पेपर खाली केला. मी आपली पुढं, "आणि पोळ्या मोजून असतात, की..."

काकूंचा तुपाचा चमचा हवेतच थांबला. "मोजून? अगं, सवाष्णीला कुणी मोजून वाढतं का?"

सवाष्ण!

मी मान वर केली. समोर देवाजवळ भिंतीवर जिवतीचा कागद. श्रावणातला शुक्रवार. आमच्याकडं आई दरवर्षी करते, लेकरांसाठी. आणि मी, बिनलग्नाची, दुसऱ्याच कुणा सवाष्णीच्या पाटावर बसून तिची दुसरी पोळी अर्धी संपवली होती!

आता कोणीही शहाणी मुलगी काय करेल? सांगेल. मीही तोंड उघडलं. पण काकू म्हणाल्या, "पोटभर खा बाई. सवाष्ण जेवल्याबिगर मी पाण्याचा थेंब घेत न्हाई. औंदा तर बिलकुल न्हाई. माझा अविनाश पुण्यात गाडीवरून पडला, पायात सळई घातलीय. आता कुठं काठी घेऊन चालून राह्यलाय."

झालं, माझं तोंड मिटलं. काकूंचे ओठ कोरडे पडले होते, ते मला तेव्हा दिसले.

त्यांनी वाटीतून अक्षता घेतल्या. लेकरू गावाला असलं की त्या दिशेला अक्षता टाकून ओवाळायची आपल्याकडं रीत आहे ना, तशा टाकल्या.

"तिकडं कुठं?" काका म्हणाले. "ती अंबडची बाजू. अंबडला काय आहे आपलं? पुणं या खिडकीकडं."

"मागच्या शुक्रवारी बी तिकडंच टाकल्या मी!"

"म्हणूनच हळूहळू बरा होऊन राह्यलाय."

काकूंनी खिडकीकडं नव्यानं अक्षता टाकल्या, डोळे टिपले आणि माझ्याकडं वळल्या. "हं, आता नाव घे."

"क-कुणाचं?"

"माझं घेतीस का? मालकाचं घे!"

मला घाम फुटला. कॉलेजात माझ्याशी बोललेल्या मुलांची नावं आठवायला लागले. एकच होता, तोही जर्नल मागायला आला होता आणि त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. नजर कुठं ठेवावी कळेना म्हणून पाण्याच्या फुलपात्राकडं पाहिलं. त्यावर नाव कोरलेलं होतं. देवच धावून आला म्हणायचा! मी वाचलं आणि बोलून टाकलं,

"ताटात पुरणाची पोळी, वर तुपाची धार,
अविनाशरावांचं नाव घेते, श्रावणातला शुक्रवार."

म्हणून झाल्यावर मला कळलं की हे नाव आपण आत्ताच कुठंतरी ऐकलंय.

"बाई बाई!" काकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझ्या लेकराचंच नाव! ऐकलं का हो? हिच्या मालकाचं नाव बी अविनाश!"

"ऐकलं," काका म्हणाले. "पण कोपऱ्यावरच्या त्या नव्या भाडेकरूचं नाव दुसरंच काहीतरी होतं. गिरणीवर भेटल्ता न मला, तिथंच त्याच्या बायकोला सवाष्ण म्हणून बोलावलं. बरं पोरी, आडनाव काय म्हणालीस?"

आणि मी, बीएस्सी, फर्स्ट क्लास, आडनावासाठी फुलपात्र फिरवून पाहिलं!

मागं कोरलं होतं, "बारशानिमित्त मामाकडून."

मग काय! मी जे रडायला लागले! पुरणाचा हात डोळ्यांना लावला, तूप गालाला. हुंदके देत देत सगळं ओकले. पोह्यांची गाडी, फॅमिली रूम, मेथीची जुडी, बादली-तांब्या. "काकू, मला माफ करा, माझं लग्न झालेलं न्हाई, मी खानावळ समजून आले, तुमचा उपास मोडला, तुमच्या अविनाशला काही झालं तर..."

"थांब," काकू म्हणाल्या. त्या एवढ्या हळू बोलल्या की मी दचकलेच. "पाच दिवस तू बिस्किटं खाऊन राह्यलीस?"

"हो."

"आणि आईला काय सांगतीस?"

"खानावळ मस्त आहे म्हणून."

काकू माझ्यापुढं खाली बसल्या. "फोन लाव आईला. आत्ता. माझ्यासमोर खरं सांग."

लावला. स्पीकरवर सांगितलं. आई म्हणाली, "आत्ता तासाभरापूर्वी तुझ्यासाठी अक्षता टाकल्या गं. उत्तरेकडं. जालना उत्तरेलाच येतं न?"

"बराबर उत्तरेला येतं, ताई," काकू फोनकडं वाकून म्हणाल्या. "तुमच्या अक्षता पोचल्या. पोरगी माझ्या घरी जेवून राह्यलीय." आणि लगेच काकांकडं वळून, "बघा! त्यांना बरोबर दिशा कळती. तुम्ही मला आधी सांगायला काय झाल्तं?"

पण काकूंनी अजून पाणी घेतलं नव्हतं. सवाष्ण कुठं होती? काकांनी त्या नव्या भाडेकरणीला, मानसीला, फोन लावला.

"मी आल्ते काका," पलीकडून बारीक आवाज. "पण तुमच्या दारात कुणाचे तरी पाय धुणं चालू होतं. वाटलं घर चुकलं. कुणाला विचारावं म्हणून परत आले. आता नूडल्स टाकून राह्यलेय."

"श्रावणातल्या शुक्रवारी नूडल्स!" काकूंनी कपाळाला हात लावला.

"मी आणते तिला," मी म्हटलं. कोण बोललं म्हणून मीच इकडंतिकडं पाहिलं. पण काकूंचे ते कोरडे ओठ समोर होते, आणि पाट मी अडवला होता. मी उष्ट्या हातानं, अनवाणी, कपाळभर कुंकू घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पळाले आणि जन्मात पहिल्यांदा अनोळखी दारावर धाडकन थाप मारली. दार उघडलं. मला पाहून मानसी किंचाळली. तिच्या किंचाळण्यानं मी किंचाळले.

"तुमचं लग्न झालंय ना?" मी विचारलं.

"हो!"

"नक्की?"

"अहो, चार महिने झाले!"

"मग गॅस बंद करा आणि चला!"

मनगटाला धरून आणली. काकूंनी तिचे पाय धुतले, ती पाटावर बसली. मी कोपऱ्यात उभी होते, तर काकूंनी माझं ताट तिच्या शेजारीच सरकवलं. "कुमारिका शेजारी बसली म्हणून देवी काय उठवून लावती का? बस. भात राह्यलाय तुझा." मानसीनं तिच्या खऱ्याखुऱ्या नवऱ्याचं नाव घेतलं, हात धुतले, ओटी घेतली, आणि मग कुठं काकू पाणी प्यायल्या. अख्खा तांब्या, एका दमात. मी आणि काका, दोघंही श्वास धरून बघत होतो.

ऑफिसात दीड तास उशिरा पोचले. शुभांगीला सांगितलं. चहाचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

सोमवारी मी खऱ्या खानावळीत गेले. या वेळी मिलच्या कोपऱ्यापासून मोजलं. पण आता चूक करायची नव्हती. शुभांगीनं काहीही सांगितलेलं असो, कुणाची फसवणूक व्हायला नको, सगळं आधीच स्वच्छ सांगितलेलं बरं, असं मी रात्रभर ठरवून आले होते. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"काकू, मी जेवायला आलेय, पण माझं लग्न झालेलं न्हाई!"

डोळे उघडले, तर दोन रांगांत पंधरा-सोळा पोरं हातातला घास हातातच धरून माझ्याकडं बघत होती.

पोळ्यांची टोपली घेतलेल्या खानावळवाल्या काकू मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "ये, बस. यांच्यातल्या एकाचंबी झालेलं न्हाई."