अण्णांची सीतेची वेणी

"वारो खाता ती, माती नाय!"

लग्न होऊन मालवणात आले, त्याच आठवड्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. परसातल्या फणसाच्या खोडावर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड वाढलं होतं. पट्ट्यासारखी लांब पानं, जाड पांढरी मुळं. एक मूळ उघडं लोंबताना दिसलं, म्हणून मी भाबडेपणाने त्याला शेणमाती लिंपली. तेवढ्यात शेजारचे अण्णा पंचा सावरत मधल्या दगडी गडग्यावरून अलीकडे आले आणि माझ्याकडे न बघता ती माती नखांनी काढू लागले.

झाड आमचं, वेणी त्यांची. त्यांच्या परड्यात नुसते माड. माडाखाली तिला पुरेशी सावली नाही, म्हणून सासऱ्यांच्या काळात त्यांनी ती आमच्या फणसावर काथ्याने बांधलेली. बायको गेलेली, मुलगा मुंबईत, कचेरीतली नोकरी संपलेली. उरला तो सगळा हुकूम माझ्यावर.

फणसाला कपड्यांची दोरी बांधायची नाही. खाली न्हाणीची चूल पेटवायची नाही.

"कित्याक?"

"धूर लागता तिका."

"मग अण्णा, आमी थंड पाण्यान न्हावचा?"

"न्हावा. मालवणात थंडी खंय पडता?"

उन्हाळ्यात मी सकाळी मुळांवर पाणी शिंपडायचं. जास्त शिंपडलं तर "बुडवलंस!", कमी तर "सुकवलंस!" तुमच्याही शेजारी असं कोणी राहिलं असेल, तर बाकीचं मी सांगायला नको.

गावात म्हणत, बायकोची आठवण जपतो म्हातारा. हे ऐकून मी विरघळले आणि एकदा त्यांना विचारलंच.

"तिची आठवण? तिका फुलांचो वासच सोसत नसा. शिंकान बेजार!"

मग एका वर्षी आमच्या घराचा मुख्य वासाच वाळवीने खाल्ला. पावसाआधी छप्पर उतरवायला हवं होतं आणि घरचं लाकूड म्हणजे तो फणसच. अण्णांना सांगायला हे गेले नाहीत, सासूबाई गेल्या नाहीत. मला पाठवलं. वेणीला तेव्हा नुकतेच तुरे धरले होते. मी भांडायच्या तयारीने पदर खोचूनच गेले.

अण्णांनी उठून गडग्यापलीकडच्या फणसाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "घर आधी. पण उपटूक मी येतलंय."

फणस तोडायला माणसं आली, तरी अण्णा शिडीवर. ओल्या फडक्याने मुळं भिजवत, बोथट सुरीने एकेक मूळ सालीपासून सोडवत होते. दुपार झाली. कुऱ्हाडवाले विड्या ओढून कंटाळले, सासूबाई माझ्यावर डाफरल्या, मी अण्णांवर. खाली उतरल्यावर त्यांनी ते कोवळे गुलाबी तुरे स्वतःच्या हाताने कापले.

"अण्णा, ह्यां काय केलात?"

"फुलां धरली तर जीव धरूची नाय. आता तिका मुळां होयी."

कापलेले तुरे त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळले. मला वाईट वाटलं. पण अर्ध्या तासात त्यांनी वेणी आमच्या स्वयंपाकघराच्या दारातल्या आंब्यावर बांधली आणि माझं वाईट वाटणं संपलं. आता त्यांचा मुक्कामच आमच्या दारात!

त्यानंतर दोन उन्हाळे ती फुलली नाही. पानं सुरकुतली. अण्णा रोज येऊन तिच्याकडे बघत आणि दोष मला देत. तिसऱ्या पावसात नवी मुळं आंब्याच्या सालीला घट्ट चिकटली. त्याच सुमारास त्यांचे डोळे अधू झाले आणि मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. एस्टीच्या खिडकीतूनही शेवटचं बोलणं तेच, "पानांच्या बेचक्यात पाणी साचूक देव नको, कुसतली."

पुढच्या वैशाखाअखेर वेणी फुलली. हातभर लांबीचे गुलाबी ठिपक्यांचे तुरे. ते बघायला अण्णा नव्हते. थंडीतच मुंबईत वारले होते ते.

पावसाच्या तोंडावर मुलगा घर बंद करायला आला. आंब्याखाली उभा राहून म्हणाला, "हीच का ती? बाबा आमच्याकडे झाडाबद्दल फार बोलत नसत. तुमच्याबद्दल बोलत."

"काय म्हणत?"

तो जरा घुटमळला. "म्हणत, शेजारीण भारी हट्टी. एक म्हणान ऐकत नाय. पण वेणी तिच्या हातात रवली तर जगतली."

एक म्हणून ऐकत नाही! दहा वर्षं दुसरं केलं काय मी? संतापाने उत्तर ओठांवर आलं. अण्णांना ते ऐकवायला मी सवयीने गडग्याकडे वळले. एव्हाना पलीकडे गेलेला मुलगा त्यांच्या घराच्या खिडक्यांना आतून अडसर घालत होता.